श्रमसाफल्यचं तबक

इथे आयर्लंडमध्ये शाळेत शिकवतात की एक ऑगस्टला शरद ऋतू लागतो. माझी मुलगी सई पाच वर्षांची असताना हे शिकून घरी आली, तेव्हा मी कणीक मळता मळता तिला म्हटलं होतं, "काहीतरीच काय! ऑगस्ट म्हणजे श्रावण." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नो मम, इट्स ऑटम." बाहेर शेजारची बाई सतरा अंशांत बिनबाह्यांचा ड्रेस घालून बागेत बसली होती. तिच्या मते तो ऐन उन्हाळा होता. तेव्हापासून मी ऋतूंवरून कुणाशी वाद घालत नाही. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.

मला स्वतःला ऑगस्ट आला की एकच ऋतू आठवतो, आणि तो पंचांगात सापडणार नाही. राखीपौर्णिमा, नव्या ॲडमिशन्स आणि ड्रॉइंगच्या शीट्स हे तिन्ही एकाच पंधरवड्यात गाठण्याचा तो ऋतू. इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरचा श्रावण. आम्ही राहतो त्या समुद्रकाठच्या डून लेरीला रुळांकडेच्या भिंतीवर ब्लॅकबेरी काळ्या व्हायला लागल्या, ओहोटीच्या वेळी शेवाळाचा उग्र वास घरापर्यंत यायला लागला, संध्याकाळचा उजेड दहावरून नवावर आला, की चेरीवूडच्या ऑफिसातून परतताना मी मनाशी म्हणते, आली राखी. आणि पाठोपाठ हॉट प्रेसमधलं तबक आठवतं.

गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आयरिश घरातली ही सगळ्यांत ऊबदार जागा. टॉवेल, चादरी, शाळेचे ओले मोजे, सगळं तिथे वाळतं. सगळ्यांत वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या टॉवेलांखाली, मी एक स्टीलचं तबक लपवून ठेवलं होतं. लपवून म्हणजे लपवूनच, उगाच सोज्वळ शब्द कशाला वापरू. एरवी ते देवासमोर असायचं. पण छाया आमच्याकडे यायची असली की मी ते वर ढकलायची, आणि ती गेल्यावर काढायचा कंटाळा करायची. गेल्या वर्षापासून तर ते वरच राहिलं. छाया कोण आणि तबक कुणाचं, हे सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

आमचं कॉलेज कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, चहूबाजूंनी ऊस. मुलींना हॉस्टेल होतं. मुलांना ते पुरायचं नाही, म्हणून मुलं गावात खोल्या घेऊन राहायची. त्यात एक बंगला होता, 'श्रमसाफल्य'. मालकांनी निवृत्तीनंतर हौसेनं बांधला आणि मग मुलाकडे पुण्याला निघून गेले. आत राहणाऱ्या तेरा जणांना त्या नावातलं अक्षरही लागू नव्हतं. ना श्रम, ना साफल्य. ओले सॉक्स, कांदा, आणि कुणीतरी सतत लावत असलेला बाम, असा एक मिश्र वास फाटकापासूनच यायचा. सीनियर पास होऊन गेला की आपली कॉट आपल्या पसंतीच्या ज्युनियरला देऊन जायचा. बाहेरच्याला आत शिरकाव नव्हता. आणि त्या तेरा जणांची मिळून एक ताई असायची.

ताई म्हणजे मानलेली. बंगल्यातली मुलं दर दोन वर्षांनी मतदान करून फर्स्ट इयरची एक मुलगी निवडायची. राखीपौर्णिमेला तिने बंगल्यावर येऊन तेरा जणांना ओवाळायचं. दोन वर्षं ताईपण भोगायचं आणि थर्ड इयरच्या राखीला तबक नव्या मुलीच्या हाती द्यायचं. नव्या मुलीला विचारायचं काम जुन्या ताईचं, कारण मुलींच्या हॉस्टेलात मुलांना कोण सोडणार? आणि त्याआधी बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन तबकाच्या मागे तिचं नाव घालून आणायचं. ते टर्र टर्र करणारं मशीन असतं ना, ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरतं, तसं. मला तबक मिळालं तेव्हा मागे तीन नावं होती. चौथं माझं, अंजली. त्या दिवसानंतर कॉलेजात मला अंजली म्हणून कुणी हाक मारली नाही. प्रिन्सिपलांचा शिपाईसुद्धा ताई म्हणायचा.

एक वहिनीही असायची. ते पद आणखी अजब. बंगल्याच्या म्होरक्याला जी आवडायची ती वहिनी. तिला विचारण्याची पद्धत नव्हती. आमच्या वेळची वहिनी सिव्हिलची होती. ती कँटीनमध्ये आली की तेरा जण उठून उभे राहायचे, आणि तिला बिचारीला वाटायचं, आपण बसतो त्या टेबलाखाली काहीतरी घाण असावी. अख्खं एक सेमिस्टर ती वहिनी होती आणि तिला पत्ता नव्हता. पुढे तिचं लग्न कोल्हापूरच्या कुणाशी तरी झालं, तेव्हा बंगल्यावर दोन दिवस चूल पेटली नाही म्हणे. तिकडे ती मजेत साड्या बघत होती.

मला सख्खा भाऊ नाही. त्यामुळे तेरा भाऊ एकदम मिळाले याचं पहिल्या वर्षी मला फार अप्रूप वाटलं होतं, हे कबूल करते. कोपरापर्यंत बाह्या सरकवून राखी बांधून घेतलेले ते तेरा हात, स्पंजची फुलं, सोनेरी जिगाची किनार, आणि प्रत्येकाच्या कपाळावर मी लावलेलं वाकडं कुंकू. त्या सगळ्यांनी मिळून मला ड्रेसचं कापड आणलं होतं. पोपटी. तेरा जणांनी मिळून निवडलेला रंग आणखी कुठला असणार! मी तो ड्रेस शिवला आणि झिजेपर्यंत वापरला.

मग हळूहळू ताईपणाची दुसरी बाजू दिसायला लागली. जर्नलं. "ताई, तुझं अक्षर किती छान आहे गं," म्हणून आलेलं पहिलं जर्नल, आणि मग पाठोपाठ बाकीची. ड्रॉइंगच्या शीट्स काचेवर ठेवून, खाली बल्ब लावून गिरवायच्या, त्याला आम्ही जीटी मारणं म्हणायचो. मी दोन वर्षांत किती जीटी मारली असेल, देव जाणे. अजूनही कधी ओव्हनचा दिवा लावून आत वाकून बघते तेव्हा त्या तापलेल्या काचेचा, कागदाचा आणि स्वतःच्या घामाचा वास येतो. पाठ आपोआप दुखायला लागते.

आणि हेमंत. मेकॅनिकलचा एक साधा मुलगा, लायब्ररीत माझ्या समोर बसायचा. एके दिवशी म्हणाला, "कँटीनला चहा घ्यायचा का?" मी म्हटलं, उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी तो आला तो सायकल हातात धरून. दोन्ही चाकांतली हवा गेलेली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी ताई." ताई! मी संतापून बंगल्यावर गेले. म्होरक्या अमोल कांदेपोहे खात बसला होता. "अगं, त्याची लायकी काय? आम्ही आहोत ना," म्हणाला आणि माझ्यापुढे बशी सरकवली. मला चहा प्यायचा होता का, हे तेरापैकी एकानेही विचारलं नाही. हेमंतशी माझं काही जुळलंच असतं असं मुळीच नाही. एक चहा राहिला, इतकंच. पण राहिला तो राहिलाच.

हे झालं आणि महिन्याभरात थर्ड इयरचा श्रावण आला. नवी ताई निवडायची वेळ. मुलांनी छायाला निवडलं. छाया लातूर-अहमदपूरकडच्या खेड्यातून आली होती. ॲडमिशनच्या दिवशी एसटी स्टँडवर तिची पत्र्याची पेटी उचलायला अमोल पुढे झाला, तर ती म्हणाली, "असू द्या. माझी पेटी मी उचलते." आणि उचलून चालायला लागली, तेलानं चप्प बसवलेले केस, लाल रिबिनी, सगळं घेऊन. अमोल त्याच दिवशी म्हणाला, "हीच."

मी रीतीप्रमाणे आधी दुकानात गेले. नाव घालून घेतलं. छाया, दोनच अक्षरं, मशीन पटकन थांबलं. मग हॉस्टेलवर तिच्या खोलीत गेले. ती जमिनीवर पालथी पडून शीट काढत होती. काय रेघ होती तिची! एका दाबाची, एका जाडीची, खोडल्याची खूण नाही. मी दारात उभी राहून बघत राहिले आणि मला पुढची दोन वर्षं स्पष्ट दिसली. तेरा शीट्स, काच, बल्ब. तिने वर बघितलं. मी म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो." मी परत फिरले.

संध्याकाळी बंगल्याच्या फाटकाशी अमोल वाट बघत होता. मी सांगितलं, "ती नाही म्हणाली."

बस्स, एवढंच. त्या वर्षी राखी झाली नाही. "कुणाच्या पाया पडायला जाणार नाही आपण," अमोल म्हणाला, आणि ताईची प्रथाच बंद झाली. तबक माझ्याकडे राहिलं. मग ते रुखवतात गेलं, संसारात गेलं, विमानाच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली बसून आयर्लंडला आलं. देवासमोर ठेवताना कधी उलटं झालंच तर मागचं पाचवं नाव दिसायचं, आणि मला बरं वाटायचं. हिला आपण वाचवलं, असं वाटायचं. माणसाकडे एखादी तरी चांगली गोष्ट असावी लागते, जी कुणाला सांगितलेली नाही. माझी ही होती.

दोन वर्षांपूर्वी इथल्या गणपतीला, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या लावताना मागून आवाज आला, "तुम्ही श्रमसाफल्यच्या ताई ना?" मी वळून पाहिलं. आखूड केस, चांगला चष्मा, हातात मोदकांचा डबा. तरीही ओळखलं. छाया सँट्रीला राहत होती, विमानतळाजवळच्या एका कंपनीत काम करत होती, एकटीच होती. आता तिचं बोलणं पुणेरी झालंय, पण "ताई" म्हणताना शेवटच्या ईवर अजून लातूरकडचा हेल येतो. ती महिन्या दोन महिन्यांनी आमच्याकडे यायला लागली. मी तिला कितीदा सांगितलं, अगं, अंजली म्हण, इथे सगळे नावानंच बोलतात. "छे, ताई ते ताईच," म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे सईच्या पुस्तकातल्या उन्हाळ्यात, आम्ही दोघी इथल्या धक्क्यावर चालत होतो. इथे त्याला पियर म्हणतात, समुद्रात लांबवर गेलेली दगडी वाट, टोकाला दिवा. दोघींच्या हातात आइस्क्रीमचे कोन होते, चॉकलेटची कांडी खोचलेले. छाया सहज बोलावं तसं बोलत होती.

"माझ्याशी कॉलेजात कुणी बोलायचं नाही, ताई. मुलं तर नाहीच. मी दिसले की तोंड फिरवायची. शिष्ट म्हणायची मला. मी काय शिष्टपणा केला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वाटायचं, माझे केस, माझी भाषा, माझी पेटी."

मी कोन फिरवून कडेचं आइस्क्रीम चाटलं.

"सेकंड इयरला आई गेली. फोन आला हॉस्टेलवर. तीन एसट्या बदलून गेले. पोचले तोवर सगळं आटपलं होतं." मग ती म्हणाली, "तुमचे वडील आजारी होते तेव्हा बंगल्यावरची जीप गेली होती म्हणे तुमच्या गावी, बार्शीला. नशीबवान हो तुम्ही."

गेली होती. मालकांची जीप अंगणात पडून असायची, किल्ली अमोलकडे. माझ्या वडिलांना, अण्णांना, अटॅक आल्याचं कळलं त्या दुपारी सहा जण मला घेऊन निघाले. कुणाच्या पायात चपलाही नव्हत्या. दोघांनी रक्त दिलं. दोघे आठ दिवस राहिले, आईला खिचडी करून घातली, अण्णांची दाढी केली. अण्णा त्यातून उठले, आणि शेवटपर्यंत दर दिवाळीला अमोलला पत्र लिहायचे, चिरंजीव अमोलरावांस. ताईपणाच्या जमेची ही बाजू मी श्रमसाफल्यची गोष्ट सांगताना नेहमी सांगते. जीटी सांगते, पोपटी ड्रेस सांगते, जीप सांगते. पण छायाच्या खोलीतून परत फिरताना मला जीप आठवली नव्हती. खरंच नव्हती. तिची आई गेली तेव्हा मी प्रोजेक्टसाठी पुण्यात होते, मला कळलंसुद्धा नाही. जीप मात्र अंगणातच होती.

त्या दिवशी मी आइस्क्रीम शेवटपर्यंत खाल्लं. कोनसकट. हे मला आठवतं आणि स्वतःचा राग येतो.

तेव्हापासून वर्षभर माझं एकच चाललं होतं. सांगावं की नाही. बसमध्ये, मीटिंगमध्ये, डोसे घालताना. सांगितलं तर छाया जाईल. आता या वयात, या देशात, "जेवलीस का" विचारणारी माणसं किती असतात? आणि नाही सांगितलं तर ती आयुष्यभर आपल्या केसांना आणि भाषेला दोष देत राहील. मनाशी तयारी करायची, ती आली की सांगू. ती आली की मी बटाटेवडे तळायची.

आणखी एक गोष्ट होती, ती स्वतःशी कबूल करायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. छायाला वाचवायचं होतं, हे खरं. पण दुकानात त्या मशीनखाली माझ्या नावाखाली तिचं नाव उमटताना मला ते खुपलं होतं. उद्यापासून आपण माजी. शिपाईसुद्धा तिला ताई म्हणणार. ज्या पदाला मी दोन वर्षं शिव्या घातल्या ते मला सोडवत नव्हतं. माझ्यानंतर कुणी नको, असं वाटलं होतं. आणि झालंही तसंच. तेरा जणांचा ग्रुप आहे अजून फोनवर, त्यात एकटी बाई मी. राखीला मी एक फोटो टाकते आणि तेरा नमस्कार येतात.

या ऑगस्टमध्ये सईचा बारावीचा, म्हणजे इथल्या लीव्हिंग सर्टचा, निकाल लागला आणि पुढच्या आठवड्यात गॉलवेच्या कॉलेजची ऑफर आली. घरभर बॅगा पसरल्या. रविवारी छाया तिला द्यायला छोटा कुकर घेऊन आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा पीत होतो, आणि सई वर टॉवेल शोधत होती. मला कुठे भान राहिलं होतं! ती जिन्यावरून उतरत आली, एका खांद्यावर टॉवेल, हातात तबक. उलटं धरलेलं. रविवारच्या मराठी वर्गात ती चार अक्षरं शिकली आहे, तेवढ्या बळावर वाचत होती.

"रो-हि-णी. अं-ज-ली, दॅट्स यू, मम. छा... या. मम, इज दॅट छाया मावशी?"

दुसरी कुणीतरी छाया, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. अगदी दातांपर्यंत. छायाने हात पुढे केला आणि सईने तबक तिला दिलं. छायाने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे श्रमसाफल्यचं ना?"

"हो."

"मग यावर माझं नाव कसं?"

मी सांगितलं. मतदान, दुकान, तिच्या खोलीचं दार, तिची रेघ, फाटकाशी उभा असलेला अमोल. माझं नाव शेवटचं राहावं असं वाटलं होतं, तेही सांगितलं. सई जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. चहावर साय धरली.

छायाने तबक सुलटं करून मांडीवर ठेवलं. मग तिने विचारलं ते मी कधी कल्पिलं नव्हतं.

"मी कशी नाही म्हणाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्यांना काय सांगितलंत? रागानं म्हणाले, की घाबरून, की कशी?"

मला ते आठवत होतं. दुर्दैवानं चांगलंच आठवत होतं. खरं वाटावं म्हणून मी एक शब्द जास्तीचा घातला होता.

"हसून," मी म्हटलं. "हसून नाही म्हणाली, असं सांगितलं."

"हं," छाया म्हणाली. "म्हणून शिष्ट."

तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला, विसळला, पालथा घातला. तबक काखेत घेतलं. दारात म्हणाली, "मला विचारायचं तरी, ताई. मी हो म्हणाले असते. शीट काढायला मला आवडायचं." आणि मग, चपला घालता घालता, "त्यांना सांगा. सगळ्यांना." मी स्टेशनपर्यंत येते म्हटलं तर नको म्हणाली. खिडकीतून मला ती उताराच्या रस्त्यानं जाताना दिसली, स्टीलवर ऊन पडत होतं.

सईने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "सो दे नेव्हर आस्क्ड यू," ती म्हणाली, "अँड यू नेव्हर आस्क्ड हर."

"नाही विचारलं."

"दॅट्स..." असं काहीतरी अर्धवट म्हणून ती थांबली. बहुतेक शिवी होती. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला रडू आलं ते तेव्हा.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. मोठ्या सबमिशनला बसावं तशी बसले, चार वेळा खोडलं. शेवटी साधंच लिहिलं. छाया नाही म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. मी खोटं बोलले, आणि त्यापायी बंगल्याने, तुम्ही आणि तुमच्यामागून आलेल्यांनी, तिला चार वर्षं वाळीत टाकलं. चूक माझी. पाठवलं, आणि फोन पालथा ठेवून डाळ फोडणीला टाकली. तेरा भाऊ आता काय म्हणतील? अमोल काय म्हणेल? अण्णांची पत्रं त्याने जपून ठेवली आहेत. मोहरी जळाली.

मग एकेक उत्तर आलं. दोन अंगठे. एक हात जोडलेले. एकाने त्याच वेळी, वर काय चाललंय ते न वाचता, गुलाबाचं चित्र आणि सुविचार पाठवला. अमोलने लिहिलं, "जाऊ दे गं ताई, जुनी गोष्ट. तू कशाला मनाला लावून घेतेस? अण्णांची आठवण येते." आणि त्याखाली दोघांनी, एकापाठोपाठ एक, विचारलं होतं, "कोण छाया?"

मी ते दोन शब्द किती वेळ बघत बसले, माहीत नाही. मला वाटलं होतं शिक्षा होईल. कुणी ग्रुप सोडेल, कुणी खडसावेल. खरं म्हणजे मला ते हवं होतं. तेरा जणांनी जिच्याकडे पाठ फिरवली, तिचं नाव त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. माझं खोटं ते कधीच विसरून गेले होते. ते जपून ठेवलं होतं आम्ही दोघींनीच, एकीने तबकाच्या मागे आणि एकीने मनात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना छायाचा फोन आला. मी स्टेशनाबाहेर त्या ब्लॅकबेरीच्या भिंतीशी उभी राहिले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

सगळ्यांना फार वाईट वाटलं, तुझी माफी मागितली, नंबर मागितला. किती सोपं होतं! कुणाचं काय बिघडणार होतं? तिला बरं वाटलं असतं. मी पहिल्या खोट्याच्या वेळीही हेच म्हटलं होतं.

"दोघांनी विचारलं, कोण छाया," मी म्हटलं. "बाकीच्यांनी तेवढंही नाही."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"कोण छाया," तिने हळू म्हणून बघितलं. "चार वर्षं त्या कँटीनसमोरून मी मान खाली घालून गेले. वाटायचं, सगळे माझ्याकडेच बघतायत, माझ्याविषयीच बोलतायत."

"कुणी बोलत नव्हतं गं."

"नाही ना?" ती म्हणाली. आणि मग हसली की काय झालं, मला नीट कळलं नाही. मी कान लावून ऐकत राहिले. एक गाडी येऊन गेली, तिच्या आवाजात मधलं काही निसटलं. परत आवाज आला तेव्हा ती तबकाविषयी बोलत होती. घासून ठेवलंय, देवासमोर ठेवलंय, या शनिवारी राखी आहे ना.

"त्यांना आठवत नसेल तर राहू दे," ती म्हणाली. "तबकावर माझं नाव आहे ना?"

"आहे."

"शेवटचं माझंच आहे ना?"

"हो. तुझंच."

"मग शनिवारी सँट्रीला या. सईलाही आणा. मी करते पुरण." शेवटच्या अक्षरावर तोच जुना हेल होता. "ठेवते, अंजली."